तरीची होडी

जुन्या लांकडी होडीच्या नशिबीं हल्लीं कोंकणांत दोनच गति लिहिलेल्या दिसतात. एक न्हाणीघराच्या चुलीची आणि दुसरी पर्यटकांसाठीं उघडलेल्या एखाद्या उपाहारगृहाच्या अंगणाची. पहिल्या गतींत ती एका हिवाळ्यांत संपते. दुसरींत तिच्या पोटांत माती भरतात, मातींत क्रोटन लावतात, दोन्ही कडांना निळा रंग देतात, आणि शहरांतून आलेली मंडळी तिला टेकून आपलीं छायाचित्रें काढून घेतात. आम्हांला विचाराल तर यांपैकीं चुलीची गति बरी. तिनें निदान कोणाला तरी कढत पाणी मिळतें. कुंडी झालेली होडी मातीच्या ओलाव्यानें आंतून रोज थोडी थोडी कुजत असते, आणि वरून रंग असल्यामुळें तें कोणाच्या नजरेस येत नाहीं.

तिसरी गति म्हणजे ती दुरुस्त करून पुन्हां पाण्यांत सोडणें. ही वाट खर्चाची, श्रमाची आणि घरच्या मंडळींच्या टीकेची आहे. आम्ही ती एकदां चाललों. त्या वेळीं जें पाहिलें व शिकलों, तें वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आहे.

होडी आमची नव्हती. देवगड तालुक्यांत आमच्या गांवाला लागून एक खाडी आहे. तिच्यावर पूल होण्यापूर्वीं तेथें तर चालत असे, आणि त्या तरीची ही होडी. लांबी सोळा फूट, रुंदी पांच फुटांस थोडी कमी. मध्यें एक डोलकाठी, तिला तिरकें टांगलेलें परबाण आणि परबाणाला बांधलेलें तिकोनी शीड. वारा असला तर शीड, पडला तर वल्हीं. आमची शाळा पलीकडच्या तीरावर व अर्ध्याहून अधिक विद्यार्थी अलीकडचे; त्यामुळें गुरु आणि शिष्य एकाच फळीवर बसून, एकाच लाटेनें सारखेच भिजून सकाळीं शाळेंत दाखल होत. अशीं एकवीस वर्षें आम्हीं रोज दोन वेळां ती खाडी ओलांडली. वर्गांत आम्ही 'नौ' शब्द चालवून घेत असूं: नौः, नावौ, नावः. ज्या मुलांना द्वितीयेच्या पुढें जातां येत नसे, तीं संध्याकाळीं परततांना वारा फिरला कीं कोणीं सांगण्याच्या आधीं शिडाचा दोर सैल सोडीत. त्या वेळीं गुण देण्याचा अधिकार तारीकडे असता, तर आमचा नंबर वर्गांत बराच खालीं लागता.

पूल झाला. पहिल्या दिवशीं सगळा गांव एस्टीनें पलीकडे जाऊन उगाच परत आला, आणि तर बंद पडली. तारी पुढें दोन पावसाळे होडी ओढून वर घेई, झांपांनीं शाकारी, नारळी पौर्णिमेस तिच्या नाळेला हळदकुंकूं लावी. मग त्याचे गुडघे गेले. होडी तिवरांच्या मुळांत अडकली ती तेथेंच राहिली. तो वारला त्या वर्षीं भरतीच्या वेळीं तिची नुसती नाळ पाण्यावर दिसे.

त्याची बायको एके दिवशीं आमच्या पडवींत येऊन बसली. एका उपाहारगृहाचा माणूस होडी मागावयास आला होता आणि सरपणाच्या भावाच्या चौपट पैसे देऊं म्हणत होता. तिला घरावर पत्रे घालावयाचे होते. पैशाची गरज ती लपवीत नव्हती. परंतु होडीचें तेथें काय होणार हेंही तिला कळलें होतें. ती म्हणाली, "मास्तरांनू, तुमी तिका पाण्यात घालतल्यात काय? घालतल्यात तर न्हेवा. तो देता तेच्या निम्मे दिवा." आम्हीं तिला पुरे पैसे दिले, आणि होडी पाण्यांत घालूं असा शब्दही दिला. पैसे देणें सोपें होतें. खरा भार पडला तो शब्दाचा.

त्या रात्रीं घरांत जें अधिवेशन भरलें, त्याचा वृत्तांत थोडक्यांत असा. आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडलें कीं, साठी उलटल्यावर माणसें तीर्थयात्रेस निघतात, तुम्ही चिखलांत निघालांत. धाकट्या बंधूंकडे घरचा जमाखर्च असतो; त्यांनीं माजघरावरील कौलांचा विषय काढला, आणि कौलें खरोखरच गळत होतीं. थोरल्या सूनबाईंनीं फक्त एवढेंच विचारलें, "मामंजी, तुम्हांला पोहतां येतं ना?" अखेर ठराव झाला तो असा: आधीं कौलें, मग होडी, आणि होडीचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनांतून जें उरेल त्यांतून. या ठरावामुळें एका हंगामाचें काम दोन हंगामांवर गेलें. परंतु एकत्र कुटुंबांत एखादी गोष्ट नाकारली गेली नाहीं म्हणजे ती मंजूर झाली असें समजावयाचें असतें.

आमच्या आगराच्या खालच्या अंगास सुतारबुवा राहात. वय ऐंशीच्या घरांत, एका डोळ्याला मोतीबिंदू. आमच्या खाडीवर शेवटची नवी लांकडी होडी बांधली ती त्यांनींच. त्यांना घेऊन आम्ही ओहोटीला तिवरांत उतरलों. त्यांनीं होडीकडे फारसें पाहिलेंच नाहीं. हातांत लहान मोगरी घेऊन नाळेपासून सुकाणूपर्यंत फळ्यांवर ठोके मारीत ते कान देऊन चालले. निकोप लांकूड टणक बोलतें, कुजलेलें थप्प असा आवाज देतें. जेथें शंका येई तेथें आरीचें टोंक रुतवून पाहत. अर्ध्या तासानें त्यांनीं निदान सांगितलें: "मास्तरांनू, लाकूड मरूक नाय. मेला ता लोखंड."

या निदानांत मोठें शास्त्र आहे. समुद्राच्या पाण्यानें होडी कुजते असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः खारें पाणी लांकडाला मिठांत घातल्याप्रमाणें राखतें. कुजवितें तें पावसाचें गोडें पाणी. बुरशीला गोडा ओलावा हवा आणि हवाही हवी. म्हणून चिखलांत रुतलेला तळ जवळजवळ शाबूत होता, आणि जेथें पाऊस सांचे ती वरची कड व मागच्या बाजूचा कोपरा हातानें भुगा करण्याइतका मऊ झाला होता. मधल्या पट्ट्यांत, जेथें भरतीचें पाणी नित्य लागे, तेथें लांकूड पोखरणाऱ्या प्राण्याचें काम. त्याला लोक किडा म्हणतात. पण तो किडा नव्हे, शिंपल्याच्या कुळांतला जीव आहे. बाल्यावस्थेंत टांचणीच्या अग्राएवढ्या छिद्रांतून तो आंत शिरतो, आंतल्या आंत वाढतो, आणि बाहेरून फळी धडधाकट दिसत असतां आंत तिची चाळण करून टाकतो. तशा तीन फळ्या निघाल्या. राहिले खिळे. त्यांतला एकही धड नव्हता. गंज फुगून प्रत्येक खिळ्याभोंवतीं काळें वर्तुळ पडलें होतें आणि तेवढ्या भागांत लांकूडही नरमलें होतें. लोखंड आणि लांकूड यांचा संसार नेहमींच असा नासतो असें मात्र नाहीं. ओकच्या लांकडांतील आम्लानें लोखंड लवकर खातें. सागांतील तेल त्याला सांभाळून घेतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' नांवाची युद्धनौका इ. स. १८१७ सालीं बांधली. ती आजही इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. तिची मोठी दुरुस्ती २००१ सालीं पुरी झाली. आमच्या होडीला साग थोडा आणि वांक उंडीचे. तेव्हां इतकें भाग्य तिच्या वांट्यास आलें नव्हतें.

लोखंडावरून आम्हांस धारच्या भोजराजाची आठवण झाली. त्याच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचें एक प्रकरण आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासांत त्याचा पुष्कळ उपयोग केला आहे. समुद्रगामी नौकेच्या तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, नाहींतर समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील, असें तो ग्रंथ सांगतो. कारण चमत्कारिक आहे, पण उपदेश टाकाऊ नाहीं. काथ्याच्या दोरीनें शिवलेली नौका लाटेबरोबर थोडी लवते आणि तिच्यांत गंजण्यासारखें कांहीं नसतेंच. अजिंठ्याच्या पांचव्या शतकांतील चित्रावरून अशीच एक शिवलेली शिडाची नौका गोव्यांत बांधण्यांत आली व २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें 'कौंडिण्य' या नांवानें ती आपल्या नौदलांत दाखल झाली. गंमत अशी कीं, शिवण्याची ही युक्ति विलायतेंतही निराळ्या वाटेनें पोहोंचली. तेथें लहान शिडाच्या होडीला जें 'डिंगी' म्हणतात तें नांव आपल्याकडचेंच, हिंदी-बंगालींतून गेलेलें. १९६२ सालीं जॅक होल्ट आणि बॅरी बक्नेल या दोघांनीं सामान्य माणसाला घरच्या अंगणांत बांधतां यावी अशी 'मिरर' नांवाची डिंगी आंखली. प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेनें टांके घालून शिवावयाच्या आणि सांध्यांवर कांचतंतूची पट्टी चिकटवावयाची, एवढीच तिची कृति. तशा सुमारें सत्तर हजार होड्या झाल्या. तांबड्या शिडाच्या त्या डिंग्या आतां म्हाताऱ्या झाल्या असून तेथले हौशी लोक त्या कोणाच्या परसांतून, कोणाच्या गोठ्यांतून शोधून काढून नीट करीत बसतात. वेड एकट्या आम्हांसच लागलें नाहीं, हें घरांत सांगण्यास आम्हांस त्यांचा फार उपयोग झाला.

भोजाचें आणखी एक मत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यानें लांकडालाही वर्ण लावले आहेत. हलकें व मऊ तें ब्राह्मण, हलकें व कठीण तें क्षत्रिय, मऊ व जड तें वैश्य, कठीण व जड तें शूद्र. आणि दोन जातींचीं लांकडें मिसळून केलेली नौका शुभ नव्हे. आमच्या होडींत साग, उंडी, फणस आणि वल्ह्याच्या आधाराला कसलें तरी बाभळीसारखें लांकूड असा पूर्ण वर्णसंकर होता, आणि त्याच संकरानें अर्ध्या गांवाला चाळीस वर्षें पार नेलें. शास्त्रकार काठावर बसून लिहितात तेव्हां असें होतें. बौधायनानें तर समुद्रगमन हें पतनाला कारण होणाऱ्या कर्मांत घातलें आहे, आणि तें उत्तरेकडील लोकांच्या आचारांतही मोजलें आहे. म्हणजे नियम होता त्या काळींही लोक जातच होते.

अमावास्येच्या उधाणाला होडी चिखलांतून सुटली. दोर ओढावयास आमचे जुने विद्यार्थी आले होते: एक रिक्षावाला, एक बँकेंतला कारकून, दोन आंब्याचे व्यापारी. ती आमच्या माडांच्या सावलींत आणून ठेवतांच सुतारबुवांनीं पहिली आज्ञा केली ती पोतीं भिजवून तिच्यावर टाकण्याची. वर्षानुवर्षें ओलींत राहिलेली होडी उन्हांत एकदम वाळली तर फळ्या तडकतात. ती महिन्या दीड महिन्यांत हळू हळू वाळवावी लागते. दुसरी आज्ञा, तिला आधार देण्याची. पाण्यांत असतांना होडीला सर्व बाजूंनीं टेका असतो. जमिनीवर तो दोन ओंडक्यांवर येतो आणि तिचीं दोन्हीं टोंकें खालीं झुकतात. म्हणून पठाणाखालीं, म्हणजे तळाच्या मुख्य कण्याखालीं, दर दोन फुटांवर ठोकळे दिले. तिसरी आज्ञा आमच्या मतें सर्वांत शहाणपणाची: कांहींही काढण्यापूर्वीं आंतल्या आकाराचे पुठ्ठ्याचे सांचे कापून ठेवावे, आणि एका वेळीं एकच फळी, एकच वांक काढावा. सगळें एकदम उकललें कीं होडी आपला आकार विसरते.

वांकांसाठीं लांकूड शोधणें हें एक स्वतंत्र पर्यटन ठरलें. सरळ लांकूड कापून बांक काढला तर त्याचे तंतू मध्येंच तुटतात व तो पहिल्या धक्क्यास मोडतो. म्हणून जन्मतःच वांकडी असलेली फांदी हवी. सुतारबुवा सांचा खांद्यावर टाकून उंडीच्या झाडाखालीं उभे राहात आणि वर बघून, "ह्या होया, ता नको," असें सांगत. एरवीं वांकडेपणाचा इतका आदर आम्हीं कोठें पाहिला नव्हता. फळ्यांना बांक द्यावयाचा तो खालून विस्तव आणि वरून पाणी देऊन. इंचभर जाडीला घंटाभर आंच, एवढा अदमास. आंच गेली कीं फळी पुन्हां ताठते, त्यामुळें ती चुलीवरून काढून बसविण्यास क्षणभरच मिळतो. आमचा नातू आणि आम्ही ती धांवत नेत असूं. आमच्या कुटुंबानें तें दृश्य एकदां पाहिलें व कांहीं न बोलतां आंत निघून गेल्या. जेथें फळीचा अर्धाच भाग वाईट होता तेथें तो कापून नवा तुकडा तिरकस सांध्यानें जोडला. जाडीच्या आठपट लांब उतार असला म्हणजे सांधा फळीइतकाच टिकतो. खिळे सर्व तांब्याचे घातले. त्यांची किंमत बंधूंना सांगतांना आम्हीं सोयीची वेळ पाहिली, एवढें येथें पुरे.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीस बंधूंनीं शास्त्रार्थ काढला. सहा फळ्या नव्या, नऊ वांक नवे, खिळे तर सगळेच नवे. मग ही तरीची होडी कशावरून? प्रश्न जुना आहे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनें रथाविषयीं हाच विचारला होता: चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय? आम्हीं व्याकरणाच्या आश्रयास गेलों. वैयाकरणांची एक परिभाषा आहे कीं, एका अंशांत विकार झाला म्हणून वस्तु निराळी होत नाहीं. शेपूट तुटलें तरी कुत्रा तो कुत्राच, त्याचा घोडा होत नाहीं. बंधु म्हणाले, शेपूट ठीक आहे, पण चारी पाय बदलले तर? त्यांचें म्हणणें अगदींच खोडून काढण्यासारखें नव्हतें. आम्हीं सुतारबुवांना सांगून ठेविलें कीं, पठाण, नाळ आणि मधली बसावयाची फणसाची फळी, हीं तीन कितीही जुनीं असोत, काढावयाचीं नाहींत.

शेवटचें काम कलाफतीचें, म्हणजे दोन फळ्यांमधल्या फटींत कापसाची वात ठोकून वर राळ व तेल भरण्याचें. माघ महिन्यांत सुतारबुवा अंथरुणास खिळले. छातींत कफ धरला होता, हात थरथरत होते. फटी भरावयाच्या राहिल्या आणि त्या भरणारें दुसरें कोणी नव्हतें. त्यांचा नातू गोव्यांत फायबरच्या होड्या करणाऱ्या एका कारखान्यांत नोकरीस. सांच्यावर कांचतंतू पसरून राळेचा लेप द्यावयाचा, हें त्याचें काम. तेथें फट हा प्रकारच नसतो. तो शिमग्याच्या सुट्टीला आला, आजोबांना पाहून आमच्याकडे आला आणि म्हणाला, मला हें येत नाहीं, पण लहानपणीं ऐकलें आहे. 'पाहिलें आहे' असें तो म्हणाला नाहीं.

कलाफतींत चूक दोन्हीं बाजूंनीं होते. वात सैल राहिली तर पाणी शिरतें. फार घट्ट बसली तर फळ्या पाण्यांत फुगल्यावर वांकांवरून खिळे उपटून काढतात, आणि नवी होडी आठ दिवसांत उसवते. मधला बिंदु डोळ्यांना दिसत नाहीं, तो मोगरीच्या आवाजांत असतो. सुतारबुवांची खाट त्यांच्या ओटीवर आणून ठेवली. तेथून आमचा माड सत्तर ऐशीं पावलांवर. पोरगा एक एक हात फट भरी आणि ओटीवरून आवाज येई: "सैल." थोड्या वेळानें: "हां." मग एकदम खाटेवर हात आपटून: "काढ ती! काढ! फुटतली!" पहिल्या दिवशीं त्यानें चार हात भरलें आणि तीन हात उकललें. तिसऱ्या दिवशीं ओटीवरून आवाज येईनासा झाला. आम्हीं घाबरून धांवत गेलों, तर सुतारबुवा जागे होते आणि ठोक्यांबरोबर बोट हलवीत होते. सांगण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें म्हणून ते गप्प होते.

पाडव्यानंतरच्या भरतीला होडी पाण्यांत गेली आणि संध्याकाळपर्यंत बसावयाच्या फळीपर्यंत भरली. जमलेले लोक हंसले. हें असेंच व्हावयाचें असतें, वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्यावांचून सांधे मिटत नाहींत, हें आम्हीं त्यांना परोपरीनें सांगितलें. तरी त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तीन दिवस ती धोंडे घालून तशीच बुडवून ठेविली. चौथ्या दिवशीं पोरग्यानें पाणी उपसून काढलें. पांचव्या दिवशीं पहाटे कंदील घेऊन पाहिलें तों तळाशीं ओंजळभर पाणी.

तारीची बायको नारळ आणि हळदकुंकूं घेऊन आली. नव्या फळ्यांकडे तिनें पाहिलें नाहीं. गुडघाभर पाण्यांत उभी राहून तिनें बसावयाच्या फळीची कड चांचपली. तारी त्या जागीं सुपारी फोडीत असे. तिचे चार खळगे तेथें आहेत. ते बोटांना लागल्यावर तिनें नाळेला हळद लावली आणि आम्हांला विचारलें, "आता पलीकडे कोण नेतलो?" बंधूंना आमच्यापेक्षां आधीं उत्तर सुचलें. ते धोतर खोंचून होडींत चढून बसले होते.

सुतारबुवा त्याच भाद्रपदांत गेले. वांकस, पटाशी, सामता हीं त्यांचीं हत्यारें मुलांनीं वांटून घेतलीं. नातवानें फक्त मोगरी मागितली, आणि ती घेऊन तो गोव्यास कामावर परत गेला. होडीवर रविवारीं आमचे जुने विद्यार्थी आपापलीं मुलें घेऊन येतात. शिडाचा दोर केव्हां सोडावा हें त्या मुलांना अजून सांगावें लागतें. या शिमग्याला नाळेजवळचे दोन सांधे पुन्हां भरावयाचे आहेत. कापूस आणून ठेविला आहे, आणि पोरग्यानें रजेचा अर्ज दिल्याचें कळविलें आहे.